गादीपासून स्टिअरिंगपर्यंत: एकटीने मुक्कामी फिरण्यासाठी गाडी निवडताना

नमस्कार ताई,

आपण लिहिले आहे त्याचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच लक्षात येईल. आपले वय ४४, आपण सांगली जिल्ह्यात शिक्षिका आहात. दुसऱ्या वर्षी झालेल्या पोलिओमुळे उजव्या पायात ताकद नाही, डाव्यात थोडी आहे. कॅलिपर (पाय ताठ धरणारा पट्ट्यांचा आधार) लावून कुबड्यांवर पन्नासेक पावले चालता येते, त्यापुढे व्हीलचेअर लागते. बाजूला चाके लावलेली ॲक्टिव्हा आपण वीस वर्षे चालवत आहात, चारचाकी मात्र अजून चालवलेली नाही. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत मिळून वर्षाला दहा-पंधरा रात्री कोकण किनाऱ्याने एकटीने फिरावे, गाडीतच झोपावे, अशी इच्छा आहे आणि सगळे मिळून दहा लाख रुपये हाताशी आहेत. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि संडास करून घ्यावा, की ईको घ्यावी, की आणखी काही, असा आपला प्रश्न आहे.

मी पुण्यात गेली वीस वर्षे गाड्यांना हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवण्याची सोय, बसवण्याचे काम करतो. त्याआधी झालेल्या अपघातात माझ्या मणक्याला इजा झाली, त्यामुळे कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. गाडीत झोपून केलेल्या प्रवासांचा माझा अनुभव बराच आहे, पण तो माझ्या शरीराचा आहे. आपले शरीर वेगळे आहे आणि या फरकामुळे माझी काही उत्तरे आपल्याला लागू पडणार नाहीत. तो फरक जिथे येईल तिथे सांगत जाईन.

गाडीत झोपायचे म्हटले की आपण सगळेच आधी पलंगाचा विचार करतो. पलंग केवढा, गादी केवढी, सामान कुठे, शेगडी कुठे. मीही पहिल्या वेळी तेच केले होते. एक जुनी व्हॅन घेऊन तिच्या मागच्या भागात ऐसपैस पलंग आणि चालकाच्या आसनामागे सुरेख कपाट सुताराकडून करून घेतले. दोन महिन्यांनी गुहागरच्या बाजूला किनाऱ्याजवळ मुक्काम केला. मागचे दार उघडून व्हीलचेअरवरून पलंगावर गेलो, खुर्ची दाराबाहेर ताडपत्रीखाली ठेवली आणि झोपलो. रात्री दोनच्या सुमारास अवकाळी पावसाने झोडपायला सुरुवात केली. गाडी सखल जागी होती. खुर्चीची पुढची चाके चिखलात रुतली, आणि पलंग व स्टिअरिंग यांच्यामध्ये तर मीच हौसेने करून घेतलेले कपाट होते. किल्ली हातात, गाडी चालू स्थितीत आणि मी तिच्या मागच्या भागात अडकलेला! पहाटे मासेमारीला निघालेल्या दोघांनी मला उचलून पुढे बसवेपर्यंत चार तास गेले. पुण्याला आल्यावर पहिल्यांदा ते कपाट तोडले.

त्या रात्रीनंतर मी कोणालाही गाडी सुचवताना एकच कसोटी आधी लावतो. गादीवर झोपलेल्या माणसाला, गाडीबाहेर पाऊल न टाकता आणि कोणाचाही हात न घेता, स्टिअरिंगपर्यंत पोहोचून गाडी घेऊन निघता आले पाहिजे. एकट्या स्त्रीला तर ही कसोटी सुरक्षिततेसाठीही लागू आहे. आजूबाजूला नको असलेली माणसे जमली, पाणी चढले, छातीत दुखू लागले, तर दार न उघडता तिथून निघून जाता येणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय. म्हणून आपला प्रश्न ‘कोणती गाडी’ असा न विचारता, ‘कोणत्या गाडीत मला चालकाचे आसन, गादी, व्हीलचेअर आणि कमोड या चार जागांमध्ये दिवसाच्या शेवटी, थकलेल्या हातांनी, आपली आपण ये-जा करता येईल’ असा विचारावा, असे मला वाटते.

या कसोटीवर टेम्पो ट्रॅव्हलर लावून पाहू. आत उभे राहता येते, मधल्या वाटेत दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावता येतात आणि कॅलिपरवर उभे राहणाऱ्या व्यक्तीला अशी अरुंद, धरून चालायची जागा मोकळ्या खोलीपेक्षा सोयीची जाते, हे मान्य केले पाहिजे. पण आत चढायला उंच पायऱ्या आहेत, चालकाची जागा उंचावर आहे, गिअर हाताचे आहेत आणि क्लच जड आहे. क्लचला स्वयंचलित यंत्रणा बसवता येते, मात्र जुन्या डिझेल गाडीवर ती नीट लावून घेणे आणि पुढे सांभाळणे कटकटीचे असते. शिवाय ज्यांनी कधी चारचाकी चालवलेली नाही त्यांनी पहिलीच गाडी एवढी मोठी घेऊन आंबा घाट उतरावा, असे मी म्हणणार नाही. वर्षातले साडेतीनशे दिवस ती उभी राहील, कारण तिच्यातून शाळेत जाणे होणार नाही, आणि हात रोज सरावत नाही अशी गाडी सुट्टीत एकदम घाटात काढणे धोक्याचेच.

परदेशातल्या चित्रफितींमध्ये व्हीलचेअरसह उताराच्या फळीवरून थेट गाडीत जाणारी माणसे दिसतात आणि आपल्याकडे ते का होत नाही, असे मला अनेकजण विचारतात. तिथल्या त्या गाड्यांचा तळ कापून खाली घेतलेला असतो. आपल्याकडच्या साध्या व्हॅनचा तळ जमिनीपासून सुमारे ५५ सेंटिमीटर उंच धरला, तर एकास बारा या मान्य उतारासाठी साडेसहा मीटर लांबीची फळी लागेल. उतार दुपटीने तीव्र केला तरी सव्वातीन मीटर, आणि एवढ्या चढावर स्वतःची खुर्ची स्वतः ढकलणे धडधाकट खांद्यांनाही जमत नाही. खुर्चीसह वर उचलणारा विजेवरचा पाळणा (लिफ्ट) बसवता येतो, पण तो जड असतो, महाग असतो, आणि आडरानात बंद पडला तर आपण एक तर आत राहता किंवा बाहेर. आपल्याला पन्नास पावले चालता येतात. तोवर या वाटेला जाऊ नये.

ईकोबद्दल विचारणारे खूप असतात, कारण ती स्वस्त आहे, चौकोनी आहे, तिची मागची दारे सरकती आहेत आणि आत जागा भरपूर आहे. मागे झोपायला ती खरोखर चांगली आहे. अडचण पुढे आहे. तिचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली आहे, त्यामुळे आसन उंच आणि लांबच्या प्रवासात उबदार होते, आणि त्यावर बसताना पाय उचलून आत घ्यावा लागतो. कॅलिपर लावलेला पाय तिथे अडकतो. कारखान्यातून येणारी ईको स्वयंचलित गिअरची मिळत नाही, हे तर आहेच. माझ्याकडे ज्यांनी ती आणली त्यांतले बहुतेक जण गाडी दुसऱ्याने चालवावी अशा बेताने घेणारे होते. आपण एकट्या आहात.

आता आपल्या शरीराबद्दल थोडे लिहितो, कारण गाडी त्यावर ठरणार आहे. पोलिओत स्नायूंची ताकद जाते, पण स्पर्श, ऊन-थंडी, टोचणे सगळे कळते. माझे तसे नाही. मला जाड, दाब वाटून घेणारी गादी लागते, रात्री कूस बदलण्यासाठी गजर लावावा लागतो, पायाशी गरम पाण्याची पिशवी चालत नाही, कारण भाजले तरी समजत नाही. आपल्याला या गोष्टींची तेवढी धास्ती नाही. आपली काळजी वेगळी आहे, ती खांद्यांची. लहानपणी झालेल्या पोलिओनंतर अनेक दशकांनी काहींना नव्याने थकवा आणि अशक्तपणा येतो, आणि कुबड्यांवर आयुष्य काढलेले खांदे चाळिशीनंतर तक्रार करू लागतात. आपल्या देशात पोलिओच्या वन्य विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, त्यामुळे माझ्याकडे येणारे पोलिओचे चालक आता जवळजवळ सगळे चाळिशी-पन्नाशीचे असतात, आणि ‘दहा वर्षांपूर्वी हे जमत होते’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून सतत ऐकतो. तेव्हा आज काय जमते यावर नव्हे, तर थकव्याच्या दिवशी, कॅलिपर काढलेले असताना काय जमेल यावर गाडी बेतावी.

याच कारणाने डाव्या पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर चालवण्याचा मोह मी आपल्याला टाळायला सांगेन. डाव्या पायासाठी वेगळा ॲक्सिलरेटर बसवता येतो आणि काहींना तो उत्तम जमतो. पण रोजच्या ब्रेकला पुरणारी ताकद अचानक करकचून दाबायला पुरेल का, आणि दोनशे किलोमीटरनंतर पुरेल का, हे प्रश्न वेगळे आहेत. आपण लिहिलेल्या ‘थोडी ताकद आहे’ या शब्दांवर मी आपला जीव सोपवणार नाही. दोन्ही कामे हातांकडेच द्यावीत.

आमच्या कारखान्यात नेहमी बसवले जाणारे हँड कंट्रोल म्हणजे स्टिअरिंगखालून डाव्या हाताशी येणारा एक दांडा असतो. पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की ॲक्सिलरेटर. उजवा हात स्टिअरिंगवर बसवलेल्या गोळ्यावर राहतो आणि एका हाताने गाडी वळवता येते. ॲक्टिव्हाची सवय असल्यामुळे हाताने वेग आणि ब्रेक सांभाळणे आपल्याला महिनाभरात अंगवळणी पडेल. पायाने गाडी चालवलेल्यांना जुन्या सवयी मोडाव्या लागतात, ती अडचण आपल्याला नाही. मात्र यातली एक मेख चढावर कळते. दांडा एकच असल्यामुळे ब्रेक धरून ठेवून त्याच वेळी ॲक्सिलरेटर देता येत नाही. ब्रेक सोडून दांडा मागे ओढेपर्यंतच्या क्षणात गाडी मागे घरंगळू शकते, आणि घाटात मागे ट्रक उभा असेल तर तो क्षण फार मोठा वाटतो. हँडब्रेकने सावरावे म्हटले, तर डावा हात दांड्यावर गुंतलेला असतो. म्हणून चढावर गाडी दोन-तीन सेकंद धरून ठेवणारी ‘हिल होल्ड’ची सोय आपल्यासाठी चैन नसून गरज आहे. बटणाचा हँडब्रेक असेल तर त्याहून चांगले.

गिअर स्वयंचलित हवे हे उघड आहे, पण त्यातही प्रकार आहेत. स्वस्त गाड्यांमध्ये येणारा एएमटी म्हणजे मूळ हाताच्याच गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअर बदलणारी यंत्रणा बसवलेली असते. सपाट रस्त्यावर तो पुरेसा आहे, पण चढावर रांगेत मुंगीच्या पावलाने सरकताना अडखळतो. टॉर्क कन्व्हर्टर हा स्वयंचलित गिअरचा दुसरा प्रकार. तो असलेली गाडी ब्रेक सोडताच स्वतःहून हलकेच पुढे सरकू पाहते, त्यामुळे एका दांड्यावर चालवणाऱ्याला ती घाटात फार सोयीची जाते. कोकणात जयगड-तवसाळ किंवा धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर गाडी चढवताना हा फरक पुन्हा जाणवतो, कारण भरती-ओहोटीप्रमाणे बोटीच्या फळीचा उतार बदलत असतो. फेरीबोटींबद्दल एक चांगली गोष्ट म्हणजे खाडी पार होईपर्यंत गाडीतच बसून राहता येते. खाडीला वळसा घालण्याचे शंभरेक किलोमीटर आणि खांद्यांचा शीण दोन्ही वाचतात.

आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे चालकाचे दार रहदारीकडे उघडते. धडधाकट माणूस दोन सेकंदांत उतरतो. आपल्याला आणि मला तिथे खुर्ची जुळवून लावायला, ती उघडायला आणि तिच्यात बसायला पाच-सात मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ पाठ महामार्गाकडे असते. म्हणून रस्त्याच्या कडेला उजव्या दाराने उतरायचेच नाही, पेट्रोल पंप किंवा हॉटेलच्या आवारात पुरेशी जागा पाहूनच उतरायचे, हा नियम मी पाळतो. आणि म्हणूनच गाडीत आतून डाव्या दारापर्यंत जाता येईल अशी मांडणी करावी, असे मी सुचवतो.

ही मांडणी मी तीन-चार गाड्यांमध्ये करून पाहिली आहे, तेव्हा ती जरा सविस्तर सांगतो. गाडी लांबीत दोन भागांत वाटून घ्यावी. उजवा भाग, म्हणजे चालकाचे आसन आणि त्याच्या मागची सगळी जागा, झोपण्यासाठी. डावा भाग सामानासाठी आणि उतरण्यासाठी. रात्री थांबल्यावर चालकाच्या आसनाचे हेडरेस्ट काढायचे, आसन पुढे सरकवायचे आणि पाठ पूर्ण मागे टाकायची. मागच्या रांगेची उजवी पाठ आधीच दुमडून तिच्यावर प्लायवूडची फळी आणि गादी घातलेली असते. मागे टाकलेली पाठ आणि गादी एका पातळीत आली, की कॅलिपर काढून, दोन्ही हातांवर भार देत, बसल्या बसल्या मागे सरकत गादीवर जाता येते. परत येताना तसेच पुढे. बाहेर उतरणे नाही आणि उभे राहणेही नाही. हेडरेस्ट काढायचे विसरले तर पाठ अर्ध्यावरच अडते, आणि लोक ‘या गाडीत हे होत नाही’ म्हणून सोडून देतात, असे मी पाहिले आहे.

व्हीलचेअर रात्री पुढच्या डाव्या आसनावर ठेवावी. त्यासाठी चाके खटक्याने निघणारी, पाठ दुमडणारी हलकी खुर्ची हवी. रुग्णालयात असते तशी घडीची खुर्ची सतरा-अठरा किलोपर्यंत भरते आणि ती मांडीवरून पलीकडे टाकताना खांदा जातो. हलकी खुर्ची चाके काढल्यावर सात-आठ किलोंच्या आसपास येते. गाडीवर चार पैसे कमी घालून खुर्चीवर जास्त घालावेत, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. कुबड्या गादीच्या कडेला, झोपल्या जागी हात पोहोचेल अशा ठेवाव्यात.

मागचे डावे आसन दुमडल्यावर त्याच्यापुढे पाय ठेवण्याची जी खोलगट जागा राहते ती मोकळी ठेवावी. तिथे छोटा, न सांडणारा, झाकणाचा कमोड बसतो. गादीवर बसल्यावर डोके छताला टेकते, पण त्या खोलगट जागेत कमोडवर बसल्यास ताठ बसता येते. गादीवरून त्यावर सरकण्यासाठी वर एक पट्टा किंवा मूळचाच छताचा दांडा धरता येतो. खिडक्यांना पडदे आणि रात्री तिथल्या तिथे होणारी सोय या दोन गोष्टींमुळे एकट्या स्त्रीचा प्रवास किती मोकळा होतो, हे माझ्याकडून गाडी करून घेतलेल्या एका बाईंनी मला सांगितले तेव्हा उमजले. त्या पूर्वी प्रवासात दुपारनंतर पाणीच पीत नसत. पंपांवरची आणि ढाब्यांवरची स्वच्छतागृहे अनेकदा एवढ्या अरुंद दाराची असतात की ६५ सेंटिमीटर रुंद खुर्ची आत जातच नाही, त्यामुळे यावर विसंबू नये.

आता नावे. आपली उंची ४ फूट ११ इंच असल्याचे आपण लिहिले आहे आणि ते आपल्या पथ्यावर पडणारे आहे, कारण दीड मीटरच्या व्यक्तीला पावणेदोन मीटरची गादी पुरते. माझी उंची पावणेसहा फूट, मला हेच सारे मोठ्या गाडीत करावे लागले. आपल्या बजेटमध्ये मी पहिली पसंती चांगल्या स्थितीतल्या, स्वयंचलित गिअरच्या जुन्या अर्टिगाला देईन. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे, मागच्या दोन्ही रांगा भाग करून दुमडतात, आणि २०१८ च्या अखेरीपासूनच्या गाडीतले १५०० सीसीचे इंजिन सामानासह घाट चढते. २०२२ पासूनच्या गाडीत सहा गिअर आहेत, त्याआधीच्या गाडीत चार. आपल्या कामाला चारही पुरतात आणि पैसे वाचतात. दुसरी पसंती ट्रायबर. ती चार मीटरच्या आत आहे, तिची तिसरी रांग कारखान्यातूनच काढून ठेवता येण्यासारखी येते आणि मागे खूपच जागा होते. पण तिचे एक लिटरचे साधे इंजिन आणि एएमटी ही जोडी चढावर धीर मागते. वॅगनआरमध्ये बसणे-उतरणे या सगळ्यांत सोपे आहे, रोजच्या शाळेसाठी मी तीच सुचवली असती, मात्र झोपण्याची लांबी आपल्या उंचीलाही ओढूनताणून जमते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा उल्लेख टाळता येत नाही, कारण झोपण्याच्या दृष्टीने त्या वेगळ्याच आहेत. इंजिन नाही, धूर नाही, आणि बॅटरीवर रात्रभर थंड हवा चालू ठेवता येते. वेग कमी केला की गाडी स्वतःच बऱ्यापैकी ब्रेक लावते, त्यामुळे हँड कंट्रोलवर हाताचे श्रम घटतात. तरीही आज आपल्या बजेटमध्ये झोपण्याएवढी लांब विजेची गाडी सहज बसत नाही आणि बहुतेक चार्जिंगच्या जागा उंच कट्ट्यावर असतात. जाड, ताठ तार हातात घेऊन कुबड्यांवर तोल सांभाळणे मला जमत नाही, आपल्याला जमते का हे एकदा करून पाहावे. पेट्रोल पंपावर मात्र आपल्याकडे इंधन भरायला माणूस असतो आणि खिडकीची काच खाली केली की काम होते. आपल्याकडच्या या सोयीचे मोल परदेशात स्वतः नळी धरावी लागणाऱ्या दिव्यांग चालकांना विचारावे.

पेट्रोल किंवा डिझेल गाडी घेतली तर थंड हवेसाठी इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. दोन खिडक्या दोन बोटे उघड्या, त्यांवर जाळी, वर पावसाची पट्टी आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंखा, एवढ्यावर कोकणातली डिसेंबर-जानेवारीची रात्र छान जाते. दिवाळीत थोडे दमट असते, तेव्हा एखादी रात्र आंबा घाटाच्या माथ्याकडे काढून मग खाली उतरावे. मे महिन्याचा विचार सोडून द्यावा. शेगडी गाडीच्या आत पेटवू नये, हे ओघाने आलेच.

बसण्याच्या उंचीबद्दल एक बारकावा राहिला. व्हीलचेअरवरून सरकून बसणाऱ्याला गाडीचे आसन खुर्चीच्या उंचीचे हवे असते, तर कॅलिपरवर उभे राहून टेकणाऱ्याला थोडे उंच आसन सोयीचे पडते. आपण दोन्ही करता. थकलेल्या दिवशी खुर्चीच वापरावी लागणार, म्हणून खुर्चीची उंची प्रमाण मानावी आणि आसन तिच्याहून पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त वर नसावे. कॅलिपरचे गुडघ्याचे कुलूप बसल्यानंतरच उघडता येते, तोवर पाय सरळ राहतो, तेव्हा दार किती रुंद उघडते आणि सरळ पाय दाराच्या खांबाला अडतो का, हे विक्रेत्याकडे प्रत्यक्ष बसून पाहावे. पाहताना सोबत नेलेल्या भावाने हात द्यायचा नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

कागदपत्रांचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गाडीला ‘अनुकूलित वाहन’ म्हणतात. कलम ५२ प्रमाणे हँड कंट्रोलची नोंद आरटीओत आरसीवर करून घ्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. नोंद नसलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येतो. २०२० पासून गाडीच्या नोंदणीत मालकीचा ‘दिव्यांगजन’ असा प्रकार लिहिता येतो, तो लिहून घ्यावा. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या गाडीला टोलमाफी आहे, तिचा आधार हीच नोंद असते. जीएसटी सवलतीसाठी लहान गाडीच घ्यावी, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवर सर्वांनाच १८ टक्के दर आहे. गादीची फळी बोल्टने पक्की न करता पट्ट्यांनी बांधून ठेवावी, हवी तेव्हा निघाली पाहिजे; मुळातली आसने कापून काढली की मग तो कायद्याच्या दृष्टीने बदल ठरतो. आपला सध्याचा परवाना दुचाकीचा आहे, चारचाकीसाठी शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करावी लागेल. शिकवणीच्या गाड्यांना सहसा हँड कंट्रोल नसते, त्यामुळे आपल्याच गाडीवर शिकावे लागेल, आणि हे जुनी गाडी घेण्याचे आणखी एक कारण आहे. तिला पहिले ओरखडे पडले तर जीव हळहळत नाही.

चाक बदलणे आपल्याला किंवा मला शक्य नाही. ट्यूबलेस टायर, बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप आणि भोक बुजवणारा द्रव गाडीत असावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कुठेही आपत्कालीन मदतीसाठी ११२. पहिल्या वर्षी मुक्काम उघड्या किनाऱ्यावर न करता गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर अशा ठिकाणच्या पर्यटन महामंडळाच्या निवासांच्या आवारात विचारून करावा. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले आहे, त्याचा दाखला देऊन आधी फोन केलेला बरा. एखादी रात्र अगदीच नको वाटली तर खोली घेता येते. गाडीत झोपण्याचा हट्ट रोज पाळायलाच हवा असे नाही, मीही पाळत नाही.

पैसे देण्यापूर्वी एक करावे. ओळखीत कोणाकडे अर्टिगा किंवा ट्रायबर असेल तर ती एका रात्रीपुरती आपल्या अंगणात उभी करून घ्यावी. चालवायची नाही, फक्त झोपायचे. रात्री दहाला कॅलिपर काढून मागे सरकावे, दोन वाजता गजर लावून उठावे, अंधारात चालकाच्या आसनावर येऊन बसावे आणि किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे. पाच मिनिटांच्या आत जमले तर गाडी आपल्याला चालेल. दहा लागली तर कुठे अडले ते पाहावे. पुष्कळदा दोन इंचांची उशी किंवा एक पट्टा ते सोडवतो. त्याहून जास्त लागली तर गाडी कितीही आवडली तरी सोडून द्यावी.

हे झाल्यावर मला चार मापे कळवावीत: उशीसह आपल्या व्हीलचेअरची बसण्याची उंची, गाडीच्या चालक-आसनाची जमिनीपासूनची उंची, आसन पूर्ण पुढे घेतल्यावर त्याच्या मागून डिकीच्या दारापर्यंतची लांबी, आणि कॅलिपरसह सरळ पायाची लांबी. सोबत मागच्या आसनाचा मोठा भाग डावीकडे दुमडतो की उजवीकडे, तेही लिहावे, कारण उजवीकडे मोठा भाग आला तर गादी रुंद होते पण कमोडची जागा अडते, आणि मग मांडणी थोडी बदलावी लागेल.